शिरोधार्य: जोतिबाच्या खेट्यातील एका पोत्याचा अभ्यास

जोतिबाचा खेटा हा यात्रेचा असा प्रकार आहे की ज्यात पाहण्यासारखे बेताचे, खाण्यासारखे त्याहून थोडे अधिक आणि चालण्यासारखे मात्र भरपूर असते. माघ महिन्याच्या सुमारास सलग पाच रविवार कोल्हापुरातून आणि भोवतालच्या गावांतून हजारो माणसे पहाटेच्या अंधारात अनवाणी निघतात आणि पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीचा, म्हणजेच जोतिबाचा, डोंगर चढून देवापुढे उभी राहतात. अशा एका फेरीस खेटा म्हणतात आणि पाच खेटे पुरे केले म्हणजे त्या सालचा नेम पार पडला असे मानतात. हा डोंगर शहराच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून थोडा अधिक उंच आहे, आणि नावात रत्नागिरी असले तरी तेथे आंबे व समुद्र यांपैकी काहीही मिळत नाही, ही गोष्ट लेखकाच्या पुण्यातील शेजाऱ्यांना वारंवार समजावून सांगावी लागते.

या प्रथेमागील आख्यायिका अशी की, रत्नासुराचा वध करून आणि कोल्हासुराविरुद्धच्या युद्धात करवीरच्या अंबाबाईला साहाय्य करून केदारनाथ, म्हणजे जोतिबा, हिमालयातील आपल्या मूळ स्थानी परत जाण्यास निघाला, तेव्हा अंबाबाई करवीराहून अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि तिने त्याला राहण्याची गळ घातली. देव राहिला, आणि देवीच्या त्या चालण्याची आठवण म्हणून भक्त आजही अनवाणी चालतात. शैव आणि शाक्त परंपरांचा संबंध म्हणून या कथेकडे पाहता येईल, परंतु ज्याची सासुरवाडी कोल्हापुरात आहे अशा कोणाही गृहस्थास ती वेगळ्याच अंगाने पटते, कारण निघालेल्या पाहुण्याला निघू न देणे हा या शहराचा इतका जुना स्वभाव आहे की, खुद्द देवालाही त्यातून सुटता आले नाही. देव हिमालयात जाऊ शकला नाही. लेखकाला रविवारी दुपारची पुण्याची गाडी मिळाली नाही. दोहोंमागील कारण एकच आहे, आणि त्यास आग्रह म्हणतात.

प्रस्तुत लेखक हा बैठ्या व्यवसायातील मध्यमवयीन मनुष्य असून त्याचा पायी प्रवासाचा अनुभव मुख्यतः ग्रंथालयातील कपाटांच्या दरम्यानचा आहे, आणि अनवाणी प्रवासाचा अनुभव न्हाणीघरापुरता मर्यादित आहे. शनिवारी संध्याकाळी तो एका वास्तुशांतीसाठी कोल्हापुरात पोहोचला, रात्री जेवताना थोरले मेहुणे तात्या यांनी "दाजी, उद्या खेट्याला येताय न्हवं?" असे विचारले, आणि या प्रश्नाला नकारार्थी उत्तर असू शकते ही शक्यता पंगतीतील कोणाच्याही ध्यानात आली नाही. पायांना सवय नसल्याचे त्याने नमूद केले, तेव्हा थोरल्या मेहुणी आक्का यांनी "पाव्हणं, सवय देव लावतोय," असे सांगून त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

संघ अकरा जणांचा होता. त्याची रचना पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही कौटुंबिक यात्रेसारखीच होती: पुढे चालणारे दोन तरुण, ज्यांना मागच्यांची फिकीर नसते, मध्ये बायकांचा गट, जो न थांबता बोलतो आणि तरीही सर्वांच्या आधी पोहोचतो, आणि शेवटी असा एक इसम, ज्याच्यासाठी सर्वांना अधूनमधून थांबावे लागते. त्या इसमाच्या ओळखीविषयी मतभेद नव्हते. तात्या मात्र कोणत्याच गटात नव्हते, कारण त्यांनी नवस बोलला होता. मुलाची नोकरी कायम झाल्यास एकवीस नारळांचे तोरण, म्हणजे सुतळीत ओवलेल्या नारळांची माळ, डोक्यावरून अनवाणी नेऊन जोतिबाला वाहीन, असा तो नवस होता, आणि नोकरी कायम झाल्याचे पत्र दिवाळीतच आले होते.

येथे पोत्यांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. कोल्हापूर परिसरातील ज्या घरी म्हैस आहे किंवा कधीकाळी होती, त्या घरी सरकी पेंडीची, म्हणजे जनावरांना घालण्याच्या खाद्याची, रिकामी पोती साठलेली असतात आणि लग्नाची भांडी नेण्यापासून वाळवण झाकण्यापर्यंतच्या सर्व कामी ती वापरली जातात. आक्कांनी अशाच एका धुतलेल्या पोत्यात तोरण भरून त्याचे तोंड सुतळीने दुहेरी गाठ मारून बंद केले आणि देवापुढे पोहोचेपर्यंत ही गाठ कोणी सोडायची नाही अशी सर्वांना ताकीद दिली, कारण मागे एकदा घरातल्याच कोणीतरी वाटेत नारळ फोडून खाल्ला होता. पहाटे पंचगंगेच्या घाटावर पोहोचल्यावर सर्वांनी पादत्राणे काढली. ती तशाच दुसऱ्या पोत्यात भरली गेली, जेणेकरून तात्यांचा मुलगा ती जीपमधून केर्लीमार्गे घाटरस्त्याने वर नेईल आणि उतरताना ज्याची त्याला देईल. या पोत्यालाही आक्कांनीच गाठ मारली, कारण गाठ मारणे हे त्यांच्याच अखत्यारीतील काम होते, आणि सवयीने तीही दुहेरी मारली.

वजनाचा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. सोललेला नारळ साधारण अर्धा किलोचा धरला तर एकवीस नारळांचे दहा-अकरा किलो होतात. कोल्हापुरी चप्पल, जिला त्या भागात पायताण म्हणतात, ही शहरातील दुकानांत मिळणाऱ्या नाजूक नमुन्यावरून ओळखता येत नाही. कापशी नावाच्या घाटाचे जाड तळाचे पायताण हातात घेतले म्हणजे त्याचे वजन समजते, आणि तात्यांच्या घरातील पुरुष दुसरे काही वापरत नाहीत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून. पण असे मानांकन मिळवणारे शहर वर्षातील पाच रविवार तीच चप्पल काढून ठेवून चालते, याची नोंद कोणत्याही कागदपत्रात नाही. तात्पर्य, दोन्ही पोत्यांचे वजन सारखे होते, रंग सारखा होता, गाठ सारखी होती आणि घाटावर अंधार होता.

तात्यांनी अंबाबाईच्या दिशेला हात जोडले, चुंबळ, म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवण्याची कापडाची वेटोळी, नीट बसवली, दोघांनी पोते उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" असा गजर झाला आणि संघ शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या दिशेने निघाला.

वडणगे, निगवे, कुशिरे अशी ही वाट उसाच्या रानातून जाते. गुऱ्हाळे चालू असल्याने हवेत काकवीचा वास होता, पूर्वेला उजाडत होते, आणि या दृश्याकडे लेखकाचे पुरेसे लक्ष गेले नाही, कारण त्याचे लक्ष रस्त्याच्या पृष्ठभागाकडे होते. अनवाणी पायांच्या दृष्टीने रस्त्यांचे चार वर्ग पडतात: जुने झिजलेले डांबर, जे पहाटे आईच्या मांडीइतके मऊ असते, नवे डांबर, ज्यावर बारीक खडी वर आलेली असते, मुरुमाची साइडपट्टी, जी लांबून सुखावह दिसते, आणि उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या पाचटाचा थर, ज्याखाली काय आहे हे पाय ठेवल्यावरच कळते. लेखकाने सोबतच्यांना हे वर्गीकरण समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याच्या बोलण्यात दर दोन शब्दांनंतर "आई गं" येत असल्याने त्यातील शास्त्रीयता श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाही.

याच टप्प्यात पोत्यातून आवाज येऊ लागला. चांगल्या पायताणातून चालताना करकर असा आवाज निघतो आणि घालणाऱ्यास तो आवडतो. तो आवाज आता तात्यांच्या मस्तकावरून, पावलागणिक, येत होता. तात्यांनी त्याचा खुलासा असा केला की, नारळ एकमेकांवर घासत आहेत. थोड्या वेळाने चामड्याचा वास आला, तेव्हा नारळ जून आहेत, असे त्यांनी सांगितले. नवस फेडणाऱ्या माणसाच्या विधानाची शहानिशा करण्याची पद्धत नसल्याने दोन्ही खुलासे मान्य झाले.

डोक्यावर काहीतरी घेऊन अनवाणी चालणारा मनुष्य खेट्याच्या वाटेवर लपून राहत नाही. निगव्याच्या पुढे एका म्हातारबाबांनी तात्यांना थांबवून पोत्यावर गुलाल टाकला आणि त्याला हात लावून तो हात कपाळी नेला. ते पाहून त्यांच्या सोबतच्या बायकांनी तसेच केले. कुशिऱ्यात कोणीतरी झेंडूची माळ पोत्याला गुंडाळली. एकाने गाठीत दहा रुपयांची नोट खोचली. लहान मुलांना उचलून पोत्याचे दर्शन देण्यात आले. प्रत्येक नमस्काराबरोबर तात्यांची मान अधिक ताठ होत गेली आणि ओझे बदलून घेण्याच्या सर्व सूचना त्यांनी फेटाळल्या. केवळ एकदा, पाणी पिण्यापुरते, त्यांनी ते लेखकाच्या हाती दिले, आणि परत त्यांच्या डोक्यावर ठेवण्यापूर्वी लेखकानेही, पाहणारे पुष्कळ असल्यामुळे आणि थोडेसे मनापासूनही, त्याला मस्तक टेकवले. ज्या पोत्याला आपण मस्तक टेकवले त्यात आपलेच बूट आहेत, हा योग फार थोड्यांच्या वाट्याला येत असावा.

वाटेत ठिकठिकाणी गावकरी चहा, पाणी, केळी आणि गूळ विनामूल्य देतात आणि न घेतल्यास रागावतात. ही सेवा अत्यंत निर्मळ आहे, पण तिच्या पुढच्या दोनशे पावलांत पातळ प्लॅस्टिकच्या पेल्यांचा जो खच पडलेला असतो तो निर्मळ नाही, आणि ज्या वाटेवरून माणसे चप्पलसुद्धा नको म्हणून भक्तीने चालतात तिच्यावरच हातातला पेला टाकून देण्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, याचा राग केवळ पाय दुखत असल्याने आलेला नाही. ट्रॅक्टरवर कर्णे बांधून देवाची गाणी सिनेमाच्या चालीवर लावणाऱ्या मंडळांविषयीही लिहिता येईल, परंतु त्यांच्या आवाजामुळे पोत्याची करकर ऐकू येईनाशी झाली, एवढी एक सोय त्यांनी केली.

गायमुखापासून खरी चढण लागते. चैत्र यात्रेत, जेव्हा उंच बांबूंना रंगीत कापडे गुंडाळून केलेल्या सासनकाठ्या नाचवत गावोगावचे लोक येतात, तेव्हा येथे अन्नछत्र चालते. खेट्यात मात्र येथे लोक बसून आपापले तळवे पाहतात. लेखक ते पाहत असताना शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि "कुणाचा खेटा?" असे विचारले, कारण पुष्कळदा माणसे आजारी किंवा परगावी असलेल्या दुसऱ्याच्या नावाने चालत असतात. लेखकाला उत्तर सुचले नाही. तिने स्वतःचे सांगितले: तिचे यजमान आयुष्यभर खेट्याला येत, आता गुडघ्यांमुळे येता येत नाही, म्हणून त्यांचा खेटा ती करते, आणि घरी गेल्यावर ते एवढेच विचारतात की, गायमुखाच्या वर पहिल्यासारखाच गार वारा होता का. या वर्षी वारा नव्हता. "तरी हाय म्हणून सांगनार," असे म्हणून ती उठली, आणि उठताना तिने लेखकाच्या खांद्याचा आधार घेतला, की त्याला दिला, हे नीट ठरवता आले नाही. पुढची बरीच चढण तिच्या मागून, तिच्या पावलावर पाऊल ठेवून झाली. ज्या दगडांवर ती पाय ठेवी ते दगड टोचत नव्हते.

वर पोहोचल्यावर दर्शनाची रांग एवढी होती की वास्तूचा इतिहास तपशिलाने सांगता यावा. मूळचे छोटे देऊळ काढून सध्याचे मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधले. शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी बांधले. या दोहोंमधील चोपडाई देवीचे देऊळ १७५० मधील असून ते प्रीतिराव हिंमतबहाद्दर यांचे आहे. जोतिबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे कुलदैवत. या घराण्याने उत्तरेत मोठमोठी राजकारणे केली, परंतु देवळासाठी काळा दगड लावला तो याच डोंगरावर. तटाच्या बाजूने समोर पन्हाळा दिसतो. सगळीकडे गुलाल असतो: पायऱ्यांवर, शिखरांवर, कावळ्यांवर. गाभाऱ्यात खड्ग, डमरू, त्रिशूळ आणि अमृतपात्र धारण केलेला देव क्षणभर दिसला, आणि मागच्या माणसाच्या कोपराने तो क्षण संपवला.

तोरण अर्पण करण्यासाठी घराण्याच्या पुजाऱ्यांकडे जावे लागते. जोतिबाचे पुजारी गुरव समाजाचे असून गावोगावच्या भक्तांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, भक्तांची उतरण्याची आणि जेवणाची सोयही तेच पाहतात. तात्यांनी दीपमाळेपाशी पोते उतरवले. वाटेत ज्यांनी ते पूजले होते त्यांपैकी पुष्कळ लोक आता अंगणातच होते आणि त्यांनी कौतुकाने कडे केले. पुजाऱ्यांनी पाट मांडला, त्यावर तांदूळ ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि आक्कांना गाठ सोडण्यास सांगितले. गाठ दुहेरी असल्याने वेळ लागला. मग आक्कांनी पोते पालथे केले आणि पाटावर, तांदळावर आणि हळदकुंकवावर अकरा जोड पायताणे, गुलालासह, पसरली.

शांततेचा कालावधी मोजण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. आधी एक लहान मूल हसले. म्हातारबाबांनी आपल्या कपाळाला हात लावून पाहिला. तात्या पाटाकडे न पाहता आकाशाकडे पाहत होते, बहुधा हिमालयाच्या दिशेने. आक्कांनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता, "हे कुणी बांधलं?" असा प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार जगात केवळ त्यांनाच नव्हता हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणीही उत्तर दिले नाही.

यानंतर तीन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली, देवळाच्या आवारात चपला चालत नाहीत, तेव्हा त्या बाहेर नेणे तातडीचे होते. पण पोत्यात भरून झाल्यावर तात्यांनी ते सवयीने पुन्हा डोक्यावर घेतले आणि दारापर्यंत गेल्यावर, लोक आता नमस्कार का करत नाहीत, या विचाराने थांबले. दुसरी, नारळ कोठे आहेत. फोन लागत नव्हते, कारण डोंगरावरील सर्व माणसे एकाच वेळी एकमेकांना आपण कोठे आहोत हे सांगत होती. लेखक आणि दोन तरुण वाहनतळाच्या उतारावरून, आता तापलेल्या डांबरावर उड्या मारत खाली गेले; त्या चालीला नृत्य म्हणावे की पळ, यावर अजूनही एकमत नाही. जीप सापडली, तात्यांचा मुलगा तीत झोपला होता, आणि पोते जीपमध्ये नव्हते. "मामा, पायताणाचं पोतं व्हय? ते चप्पल स्टँडवर ठेवलंय की, चोरी व्हायला नको म्हणून," असे सांगून त्याने खिशातून टोकन काढले. अशा रीतीने नवसाचे तोरण सकाळपासून चपलांच्या फळीवर एका क्रमांकाखाली सुरक्षित होते, आणि रखवालदाराने त्यावर कोणाचे तरी गमबूट ठेवले होते.

तिसरी अडचण धर्मशास्त्रीय होती: असे नारळ देवाला चालतात काय? पुजाऱ्यांनी दोन्ही पोती शेजारी ठेवून घेतली, थोडा विचार केला आणि निर्णय दिला. "नारळ धुऊन आणा, देवाला चालत्यात. पायताणं धुवायची गरज न्हाई, ती काय देव घालणार न्हाई." आक्कांचे समाधान झाले; तात्यांचे झाले नाही, कारण नवस डोक्यावरून नेण्याचा होता आणि नारळ डोक्यावरून स्टँड ते देऊळ एवढेच आले होते. पुजाऱ्यांनी जे चालले ते चालले असे सांगून पाहिले. तात्यांनी मान हलवली. एवढा वेळ ताठ असलेली ती मान आता खाली गेली होती, आणि डोळ्यांत गुलाल गेल्याचे ते सांगत होते. त्यांच्या मुलाने कोणाला न विचारता दोन्ही हातांनी तोरण उचलले, बापाच्या डोक्यावर ठेवले आणि आपणही एक बाजू धरून त्यांच्याबरोबर देवळाला एक प्रदक्षिणा घातली. या प्रदक्षिणेच्या वेळी कोणी हसले नाही.

पायताणांना मिळालेल्या दक्षिणेचा प्रश्न उरला होता. गाठीतील आणि माळेतील नोटा व नाणी मिळून एकशे त्रेचाळीस रुपये भरले. ही रक्कम देवाची, की पायताणांची, की ती वाहून आणणाऱ्याची, यावर जेवताना बरीच चर्चा झाली; तरुणांचे मत मिसळीच्या बाजूने होते. आक्कांनी उठून ती दानपेटीत टाकली आणि स्वतःच्या पदरचे सात रुपये घालून दीडशे केले. लेखकाचे बूट पांढरे होते. ते आता गुलाबी आहेत आणि दोन वेळा धुऊनही तसेच आहेत.

परतीच्या प्रवासात, जीपमध्ये, तात्यांनी जाहीर केले की पुढच्या रविवारी नवे तोरण आणून नवस पहिल्यापासून फेडला जाईल, आणि यंदा पुण्याच्या गाडीची वेळ टळलीच आहे तर दाजींनी आठवडा येथेच काढावा. लेखकाने कचेरीचे कारण सांगितले. त्यावर आक्कांनी, कचेरीला आठ दिवसांनी गेलं तर ती काय हिमालयात जाती का, असे विचारले. पोत्यांचा गोंधळ पुन्हा होऊ नये म्हणून तोरणाच्या पोत्याला लाल दोरी बांधण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, तात्यांनी घरी पोहोचताच ती बांधून ठेवली, आणि रात्री उशिरा आक्कांनी, कोणी विसरू नये म्हणून, दुसऱ्या पोत्यालाही तशीच बांधली.